गोळी बंद केली की चौथ्या दिवशी जळजळ परत: जुन्या गॅस्ट्रायटिसचं नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपासून छातीच्या हाडाखाली, बेंबीच्या वर दुखतं आणि जळजळतं. चार घास खाल्ले की पोट गच्च होतं. रोज पॅन्टोप्राझोल ४० (आम्ल कमी करणारी गोळी) चालू आहे, ती बंद केली की चौथ्या दिवशी दुप्पट त्रास. गोळी चालू असतानाच एंडोस्कोपी झाली. रिपोर्ट: 'सौम्य अँट्रल गॅस्ट्रायटिस, आरयूटी निगेटिव्ह' (अँट्रल म्हणजे जठराच्या खालच्या भागातली, आरयूटी म्हणजे जंतू शोधणारी रॅपिड यूरिएज टेस्ट). सोनोग्राफी नॉर्मल. महिन्यातून सात-आठ वेळा 'पित्तानं' डोकं दुखतं, उलटी झाली की उतरतं. त्यासाठी मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली जाते. हे बरं का होत नाही, आणि गोळी जन्मभर घ्यायची का?

जन्मभर घ्यावी लागेल असं या माहितीवरून तरी दिसत नाही. पण आज-उद्या अचानक बंदही करू नका. तुमच्या प्रश्नातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत: एंडोस्कोपी गोळी चालू असताना झाली, डोकेदुखीवर महिन्याला सात-आठ वेळा गोळी पोटात जाते, आणि त्रास बरोबर चौथ्या दिवशी उसळतो. या तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्हींवर एकाच गोळीचं पांघरूण पडलंय. ती एकेक करून, क्रमानं उलगडायची.

त्याआधी एक चाळणी. विष्ठा डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, घास अडकत असेल, वारंवार उलट्या होत असतील, हिमोग्लोबिन कारण नसताना घसरत असेल किंवा आई-वडील-भावंडांत कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जा. काळी विष्ठा किंवा रक्ताची उलटी असेल तर त्याच दिवशी, थेट हॉस्पिटलात. लोहाच्या आणि बिस्मथच्या गोळ्यांनीही विष्ठा काळी होते, पण ती चिकट नसते आणि तिला तो विशिष्ट वास नसतो. साठीच्या आसपास पोटाचा त्रास पहिल्यांदाच सुरू झाला तर घरगुती प्रयोगांत महिने घालवू नयेत.

दुसरी गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागात जडपणा, सोबत घाम, धाप, जबडा किंवा डाव्या हातात कळ, आणि चालल्यावर ते वाढणं, हा 'गॅस' नसून हृदयाचा झटका असू शकतो. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका मळमळ आणि पोटदुखीच्या रूपात येऊ शकतो. मधुमेहींमध्ये आणि बायकांमध्ये तर कधी कधी छातीत दुखतही नाही. सोडा पिऊन झोपण्याआधी ईसीजी काढायचा.

आता रिपोर्ट. गॅस्ट्रायटिस म्हणजे जठराच्या अस्तराला आलेली सूज. ती खात्रीनं कळते तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. एंडोस्कोपीत डॉक्टरांना दिसतो तो लालसरपणा, आणि 'सौम्य अँट्रल गॅस्ट्रायटिस' हे शब्द आपल्याकडे इतक्या रिपोर्टांत असतात की त्यांना निदान म्हणणं धाडसाचं होईल. भरपूर सूज असून काहीच न दुखणारे लोक असतात, आणि अस्तर नितळ असून रोज कळवळणारेही असतात. सोनोग्राफीचं तर याच्याशी काही देणंघेणं नाही. जठराचं अस्तर सोनोग्राफीत दिसत नाही. ती पित्ताशयातले खडे, यकृत आणि स्वादुपिंड पाहण्यासाठी. ती नॉर्मल आल्यानं पित्तखड्यांची शंका मिटली, एवढाच तिचा उपयोग.

'आरयूटी निगेटिव्ह' हा रिपोर्टमधला सगळ्यांत फसवा भाग. एंडोस्कोपीत अस्तराचा तांदळाच्या कणीहून लहान तुकडा काढून तो पिवळ्या जेलमध्ये टाकतात. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू यूरियापासून अमोनिया तयार करतो, त्यामुळे जंतू असेल तर जेल गुलाबी होतं. पण पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल या जातीची औषधं चालू असली की जंतूंची संख्या घटते, आणि उरलेले जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात. तुकडा खालून घेतला तर तो रिकामा निघतो, जेल पिवळंच राहतं. म्हणून तुमची चाचणी 'झालीच नाही' असं धरून चाला.

हा जंतू भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना तो लहानपणी घरातल्यांकडूनच मिळतो. अल्सरचं खापर ताण आणि तिखटावर फोडण्याच्या काळात ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली त्याचं कल्चर स्वतः पिऊन पोटाला सूज आणून दाखवली होती. रॉबिन वॉरेन यांच्यासह त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. तरी आपल्याकडे अजून पहिला प्रश्न 'मिसळ खाल्ली का?' हाच असतो.

डोकेदुखीकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या पोटाची किल्ली इथे आहे. मराठीत 'पित्त' हा शब्द फार कामं करतो. घशाशी आंबट येणं पित्त, अंगावर गांधी उठणं पित्त आणि अर्धं डोकं ठणकून मळमळणं हेही पित्तच. यातलं तिसरं बहुतेक वेळा अर्धशिशी असते. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते, अन्न पुढे सरकत नाही, म्हणून मळमळ आणि उलटी. उलटीनंतर झटका ओसरतो म्हणून वाटतं की पित्त पडलं आणि डोकं थांबलं. उजेड आणि आवाज नको वाटणं, एका बाजूला ठणका, पाळीच्या आसपास वाढणं, उन्हानं किंवा जेवण चुकल्यानं सुरू होणं, हे तपासा. जुळत असेल तर आम्लाच्या गोळ्या वाढवून डोकं थांबणार नाही.

आणि त्या डोक्यासाठी काय घेतलं जातं? नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, किंवा अॅस्पिरिन असलेली एखादी मिश्र गोळी. जठराचं अस्तर स्वतःवर चिकट थर आणि बायकार्बोनेटचं कवच धरून असतं, आणि ते धरायला प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं लागतात. या सगळ्या गोळ्या नेमकी प्रोस्टाग्लँडिनच थांबवतात. दुखणं थांबतं आणि कवचही उतरतं. म्हणून 'इंजेक्शन घेतलं तर पोटाला त्रास नाही' हा समज चुकीचा आहे. औषध रक्तातून अस्तरापर्यंत पोचतंच. 'आधी गॅसची गोळी, मग दुखण्याची' यानं धोका कमी होतो, मिटत नाही. सांधेदुखीच्या पुड्या, नाव नसलेल्या रंगीत गोळ्या घरात कुणी घेत असेल तर त्यांतही हेच असू शकतं, कधी स्टेरॉइडसुद्धा.

तेव्हा पहिलं काम: या गोळ्या बंद. डोकं सुरू होतंय असं वाटताच, वाट न पाहता, पॅरासिटामॉल १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन. दिवसाला एकूण ३ ग्रॅमच्या वर जायचं नाही, यकृताचा आजार किंवा रोजचं मद्य असेल तर त्याहून कमी. तेवढ्यानं भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रायझाट्रिप्टान ही अर्धशिशीची खास औषधं डॉक्टरांकडून मागून घ्या. ती हृदयविकार असलेल्यांना चालत नाहीत. महिन्यातून दहाहून अधिक दिवस ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हेही मोजत राहा. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अॅस्पिरिन ७५ मात्र कुणीही आपल्या मनानं थांबवायची नाही.

दुसरं काम, पॅन्टोप्राझोल योग्य वेळी घेणं. बरेच जण ती चहाबरोबर, जेवणानंतर किंवा झोपताना घेतात आणि 'ही आता लागू पडत नाही' म्हणतात. ही गोळी जठरात काम करत नाही. तिच्यावरचं आवरण आतड्यात विरघळतं, औषध रक्तातून जठराच्या पेशींकडे जातं आणि तिथले आम्लाचे पंप बंद करतं, पण फक्त त्या क्षणी चालू असलेले. पंप चालू होतात खाल्ल्यावर. रक्तात औषध टिकतं जेमतेम काही तास. म्हणजे औषध रक्तात असताना पंप चालू व्हायला हवेत: उठल्यावर पाण्याबरोबर गोळी, अर्धा ते पाऊण तास काही नाही, मग चहा आणि नाश्ता एकत्रच. दूध-साखरेचा चहाही खाणंच आहे, तो गोळीबरोबर नको. नाश्ता न करता शाळेत पळणाऱ्यांची गोळी अर्धी वाया जाते. पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात, म्हणून 'जळजळलं की एक' अशी ही गोळी घेण्यात अर्थ नाही.

पाकीट हातात घेऊन नाव नीट वाचा. नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर आत डॉम्पेरिडोनही आहे. 'एल' किंवा 'एलएस' असेल तर बहुधा लेव्होसल्पिराइड, नेहमी ७५ मिलिग्रॅमचं. दोन्ही जठराची हालचाल वाढवणारी. लेव्होसल्पिराइड महिनोन् महिने चालू राहिलं तर हात थरथरणं, चाल मंदावणं, पाळी अनियमित होणं, स्तनातून दूध येणं असे परिणाम होतात. चाळिशीतल्या बाईला ते 'आता वयच झालं' असं समजावलं जातं आणि गोळी तशीच चालू राहते. तुमच्या पाकिटावर ती अक्षरं असतील तर साधी पॅन्टोप्राझोल लिहून घ्या. डॉम्पेरिडोनही थोड्या दिवसांसाठीच असतं. हृदयाच्या ठोक्यांच्या तक्रारी असणाऱ्यांना नको.

आता चौथा दिवस. आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि आम्ल वाढवायला सांगणाऱ्या पेशी जोमानं वाढतात. गोळी सुटली की त्या सगळ्या एकदम कामाला लागतात. ज्यांना पोटाचा कसलाही त्रास नव्हता अशा निरोगी माणसांना आठ आठवडे या जातीची गोळी देऊन थांबवली तरी त्यांतल्या बऱ्याच जणांना जळजळ झाली, असं आढळलं आहे. म्हणजे तुमची उसळी हा 'रोग अजून आहे' याचा पुरावा नाही. तो गोळी सुटण्याचा त्रास आहे; साधारण दोन ते चार आठवडे टिकतो, कधी जास्त, आणि उतरतो.

सोडायची रीत अशी ठेवा, डॉक्टरांना सांगून: दोन आठवडे ४० ऐवजी २० मिलिग्रॅम रोज, मग दोन आठवडे २० एक दिवसाआड, मग बंद. मधे जळजळलं तर जेवणानंतर तासाभरानं अँटॅसिड जेल १० मिलिलीटर. रात्री जास्त होत असेल तर फॅमोटिडीन २० मिलिग्रॅम, ही आम्ल कमी करणारी वेगळ्या जातीची गोळी. फॅमोटिडीन सलग घेतली की दोनेक आठवड्यांत तिचा जोर उतरतो, म्हणून गरजेपुरतीच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारूनच. अँटॅसिडमधल्या मॅग्नेशियमनं पोट सैल होतं, अॅल्युमिनियमनं घट्ट. अँटॅसिड आणि थायरॉइडची गोळी यांत किमान चार तासांचं, अँटॅसिड आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. ज्यांना अन्ननलिकेला मोठ्या जखमा झाल्या आहेत, अल्सरमधून रक्त गेलं आहे किंवा जे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेतात, त्यांनी मात्र हा सोडण्याचा कार्यक्रम करायचा नाही.

गोळी पूर्ण सुटून दोन आठवडे झाले, आणि कुठलंही अँटिबायोटिक घेऊन चार आठवडे उलटले, की जंतूची चाचणी: विष्ठेतली अँटिजेन चाचणी किंवा यूरिया ब्रीद टेस्ट. रक्तातली अँटिबॉडी चाचणी करू नका, जंतू गेल्यावरही ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. त्याच खेपेला हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि साखर पाहून घ्या. बी-१२ आणि लोह दोन्ही खाली आणि सोबत थायरॉइड असेल, तर शरीर स्वतःच्याच जठरपेशींवर हल्ला करतंय का, म्हणजे ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस आहे का, हे तपासावं लागतं. अशा माणसाच्या पोटात आम्ल आधीच कमी असतं. त्याला आम्लाची गोळी देणं म्हणजे भलत्याच दाराला कुलूप. त्याला बी-१२ ची इंजेक्शनं लागतात.

जंतू सापडला तर उपचार १४ दिवसांचा, आणि सगळा. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू बरेच आहेत, म्हणून बिस्मथ, टेट्रासायक्लिन ५०० दिवसातून चारदा, मेट्रोनिडाझोल तीन-चारदा आणि पॅन्टोप्राझोलसारखी गोळी दोनदा, असा चौपदरी मार्ग बहुतेक तज्ज्ञ पसंत करतात. डॉक्टर तब्येत पाहून तो बदलतील. गरोदरपणात टेट्रासायक्लिन चालत नाही. हा कोर्स फसतो तो दोन कारणांनी. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, आणि पाचव्या दिवशी माणूस सोडून देतो. किंवा दिवसाच्या चार वेळांपैकी दुपारची नेमकी शाळेत राहून जाते. डब्यातच गोळ्या ठेवा. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर नको, आणि ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवं होऊ नका, अन्ननलिकेत अडकून जखम करते. मद्य पूर्ण वर्ज्य. जीभ आणि विष्ठा काळी पडेल, ते बिस्मथ. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी चाचणी पुन्हा करायची, आणि तेव्हाही आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद हवी. ही दुसरी चाचणी लोक टाळतात, आणि मग त्रास उरलेल्या जंतूचा आहे की दुसऱ्या कशाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

जंतू गेला तरी दुखणं सगळ्यांचं थांबत नाही, काहींचंच थांबतं. अल्सरचा आणि जठराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, म्हणून घालवायचा.

जंतू नाही, दुखण्याच्या गोळ्या बंद आहेत, रक्त ठीक आहे आणि तरी चार घासांत पोट गच्च होतं? मग याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. 'मनाचा आहे' असा त्याचा अर्थ नाही. जेवताना जठराचा वरचा भाग सैल होऊन जागा करून देतो. तो नीट सैल होत नाही, आणि तिथल्या नसा साध्या ताणालाही कळ म्हणून वर कळवतात. तुम्हाला अर्धशिशीही असल्यानं इथे एक सोय आहे. अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम रात्री, हे औषध अशा पोटदुखीवरही चालतं आणि अर्धशिशी रोखायलाही दिलं जातं. पाकिटावर नैराश्याचं औषध म्हणून उल्लेख असतो, तो वाचून घाबरू नका. या मात्रेत ते नसांची संवेदना खाली आणतं. चार ते सहा आठवड्यांआधी निकाल मागू नका. तोंड कोरडं पडतं, सकाळी झापड येते, म्हणून झोपेच्या दोन तास आधी घ्यायचं. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

खाण्याबद्दल फार लांब यादी देत नाही, कारण याद्यांनीच लोक वाळतात. पोट गच्च होणाऱ्यांना तिखटापेक्षा तेल जास्त नडतं; स्निग्ध अन्न जठरात रेंगाळतं. मिसळीतली मटकी निरुपद्रवी असते, नडतो तो कट. उपवासाचं तेच: दिवसभर उपाशी, मग एकदम साबुदाण्याची खिचडी, म्हणजे पिठूळ कण आणि त्यावर दाण्याचं कूट नि तूप. अर्धशिशी असलेल्या बाईला त्या दिवशी डोकंही हमखास. उपवास करायचाच असेल तर दर तीन तासांनी केळं, ताक, राजगिऱ्याची लाही असं थोडं थोडं घ्या आणि रात्री भगर-आमटीत दाणे निम्मे करा. एरवी तीन मोठ्या जेवणांची पाच लहान करा: शाळेच्या पहिल्या सुट्टीत अर्धी भाकरी-भाजी, दुपारी उरलेली अर्धी. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास. घशाशी येत असेल तर पलंगाचे डोक्याकडचे पाय विटेवर चढवा, १५ ते २० सेंटिमीटर. उशा वाढवून पोट दुमडतं, फायदा होत नाही. डाव्या कुशीवर झोपा.

थंड दुधानं अर्धा तास बरं वाटतं, मग दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आम्ल आणखी वाढवतात. खाण्याच्या सोड्यानं ढेकर येतो म्हणून हलकं वाटतं, पण अर्ध्या चमच्यात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम जातं. रक्तदाब असेल तर नकोच. तंबाखू, मिसरी, सिगारेट यांत 'थोडीशी चालते' असं काही नाही. मिसरी लावणाऱ्या बायका तिला व्यसनात धरतच नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

घरातल्या चूर्णांचंही डॉक्टरांना सांगा. अविपत्तिकरमध्ये निशोत्तर हे रेचक असतं आणि साखर भरपूर, मधुमेहींनी ध्यानात ठेवावं. ज्येष्ठमध महिनोन् महिने घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घसरतं. सूतशेखरात पारा आणि ताम्रभस्म असतं, लघु सूतशेखरात गेरू आणि सुंठ. नावं सारखी म्हणून दुकानदारानं एकाऐवजी दुसरं दिलं तर फरक मोठा आहे. ही औषधं वैद्यांच्या देखरेखीखाली घ्या, शेजारणीच्या नाही.

एक साधी वही घाला, चार आठवड्यांची. रोज चारच नोंदी: दुखलं किती (दहापैकी), जेवणाआधी की नंतर, डोकं दुखलं का, आणि कुठली गोळी किती वाजता घेतली. पुढच्या भेटीला ती वही, एंडोस्कोपीचा मूळ रिपोर्ट फोटोंसह, आणि घरात असलेली प्रत्येक गोळीची पट्टी पिशवीत घालून न्या, रिकामी पट्टीसुद्धा.